पेज रिक्लेम : दोषशोध

लिनक्स कर्नल रॅममधील, सहसा ४ किलोबाइटची, निष्क्रिय पेजेस मोकळी करतो ती प्रक्रिया. मोकळी रॅम ‘लो’ पातळीखाली गेली की ‘केस्वॅपडी’ हा कर्नलचा पार्श्वभूमीतील थ्रेड हे काम करायला जागा होतो. तो पुरा पडला नाही, तर मेमरी मागणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबून हे काम करावे लागते आणि यंत्र अडखळते. दोष शोधताना ‘व्हीएमस्टॅट’मधील ‘पीजीस्कॅन’ (तपासलेली पेजेस) व ‘पीजीस्टील’ (मोकळी केलेली पेजेस) हे आकडे आधी पाहावेत. पहिला झपाट्याने वाढून दुसरा हलत नसेल, तर कर्नल नुसताच घाम गाळतो आहे : पेजेस बहुधा सक्रिय, कुलूपबंद किंवा डिस्कवर लिहिली जाण्याच्या प्रतीक्षेत असतात. मोकळ्या रॅमचा एकटा आकडा फसवा; कर्नलच्या २०१८ च्या ४.२० आवृत्तीत आलेली ‘पीएसआय’ ही मापनसुविधा मेमरीअभावी वाया गेलेला वेळच मोजते. कर्नलची आवृत्तीही पाहावी : कोणती पेजेस मोकळी करायची हे वयानुसार ठरवणारे बहुपिढी एलआरयू ६.१ मध्ये (२०२२) आले.