सगळ्यात भारी घोडा कोणता?

अमेरिकेतला सगळ्यात भारी रेसचा घोडा कोणता? १९९९ मध्ये ‘द ब्लड-हॉर्स’ या नियतकालिकाने जाणकारांकडून विसाव्या शतकातल्या शंभर घोड्यांची क्रमवारी लावून घेतली. पहिला मॅन ओ वॉर, दुसरा सेक्रेटेरिएट. वाद मात्र मिटला नाही.

सेक्रेटेरिएटची बाजू घड्याळ मांडतं. १९७३ ची बेलमाँट स्टेक्स: दीड मैल, २ मिनिटं २४ सेकंद. दुसऱ्या नंबरचा घोडा ३१ घोड्यांच्या लांबीइतका मागे! या शर्यतीचा तो रेकॉर्ड आजही कायम आहे.

मॅन ओ वॉर १९१९-२० मध्ये २१ शर्यती पळाला, २० जिंकला. पण १९२० च्या बेलमाँटमध्ये त्याच्यासमोर एकच घोडा होता. मग त्यात काय मोठं?

थांबा. हँडिकॅप शर्यतीत घोडा जितका तगडा, तितकं पाठीवर वजन जास्त. त्याच वर्षी पोटोमॅक हँडिकॅपमध्ये त्याला १३८ पौंड दिले, म्हणजे जवळपास ६३ किलो. बेलमाँटमध्ये सेक्रेटेरिएटवर होते १२६ पौंड. इतकं ओझं घेऊनही मॅन ओ वॉर जिंकलाच.

यादी आपण नंतर करतो. वजन मात्र त्याला पळताना बघणाऱ्यांनी ठरवलं होतं. म्हणून माझं मत मॅन ओ वॉरला. तुमचं?