आठ ग्लासांची गोष्ट

ऑफिसात हल्ली जवळजवळ प्रत्येक डेस्कवर लिटरभराची बाटली दिसते आणि प्रत्येकाला एक आकडा पाठ असतो: दिवसाला आठ ग्लास. "भरपूर पाणी पी, वजन आपोआप उतरेल" हे वर. आमच्या धंद्यात कोणी आकडा फेकला की पहिला प्रश्न ठरलेला, 'हे रिक्वायरमेंटमध्ये कुठे लिहिलंय?' म्हणून या वीकेंडला जरा शोधाशोध केली.

बहुधा या आकड्याचं मूळ १९४५ सालचं आहे. अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने त्या वर्षी लिहिलं, की मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं. तिथेच पुढे असंही लिहिलं होतं, की यातलं बहुतेक पाणी जेवणातूनच मिळतं. पहिलं वाक्य जगभर गेलं, दुसरं तिथेच राहिलं. अर्धा स्पेक वाचून कोडिंगला बसलेला प्रोग्रॅमर आठवला ना? डार्टमथचे मूत्रपिंडतज्ज्ञ हाइन्झ व्हाल्टिन यांनी २००२ मध्ये 'आठ ग्लासां'ना शास्त्रीय पुरावा शोधला. निरोगी, फार शारीरिक कष्ट नसलेल्या माणसासाठी त्यांना तो सापडला नाही.

मग यात वजन कुठून आलं? एक मोठा धागा १९६७ चा. डॉ. अर्विन स्टिलमन यांच्या डाएटच्या पुस्तकाने अमेरिकेत धुमाकूळ घातला. मांस, अंडी, कमी फॅटचं चीज आणि रोज दहा औंसांचे आठ ग्लास पाणी. लोक त्याला 'वॉटर डाएट'च म्हणायचे. गंमत अशी, की पिष्टमय पदार्थ बंद केले की शरीरातला ग्लायकोजेनचा साठा संपतो आणि त्याने धरून ठेवलेलं पाणीही बाहेर पडतं. म्हणजे पहिल्या काही दिवसांत काट्यावर जे भराभर उतरतं, त्यात बरंचसं पाणीच असतं!

२००३ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी सांगितलं, की अर्धा लिटर पाणी प्यायल्यावर चयापचय ३० टक्क्यांनी वाढतो. हेडलाइन झकास. पण तो वाढतो थोडा वेळच. हिशोब केला तर जास्तीच्या जळलेल्या कॅलरी साधारण २४, म्हणजे बिस्किटाच्या आसपास. शिवाय २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या गटाने प्रयोग केला, तेव्हा साध्या तापमानाच्या पाण्याने काहीच वाढ दिसली नाही, गार पाण्याने किंचित दिसली.

मग पाणी अगदीच निरुपयोगी? तसंही नाही. २०१० मध्ये व्हर्जिनिया टेकच्या प्रयोगात ५५ ते ७५ वयाचे ४८ जण होते. सगळ्यांना कमी कॅलरीचा आहार. त्यातल्या ज्यांनी प्रत्येक जेवणाआधी अर्धा लिटर पाणी घेतलं, त्यांचं वजन १२ आठवड्यांत सुमारे दोन किलो जास्त उतरलं. पोट भरल्यासारखं वाटून जेवण कमी जातं, इतकं साधं कारण असावं. पण तिथल्याच २००७ च्या अभ्यासात ही युक्ती वयस्कांवर चालली, तरुणांवर नाही. आपल्या वयाच्या मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आणि हे वाचताना मला वाग्भट आठवला. साधारण सातव्या शतकातल्या अष्टांगहृदयात तो म्हणतो, की जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, मध्ये पिणारा सम राहतो आणि शेवटी पिणारा स्थूल होतो. या ग्रंथावर तेराव्या शतकात टीका लिहिली ती देवगिरीच्या यादवांच्या हेमाद्रीने. हो, तोच आपला हेमाडपंत! वाग्भटाने कंट्रोल ग्रुप घेतला नव्हता, तेव्हा 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' म्हणायची घाई नको. पण प्रश्न त्याने नेमका विचारला होता: पाणी किती, यापेक्षा केव्हा.

अतिरेकाचीही किंमत असते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं, मुख्यतः प्रमाणाबाहेर पाणी-पेयं प्यायल्यामुळे. याने जीवही जातो.

थोडक्यात काय, पाणी चरबी वितळवत नाही. मात्र कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीऐवजी पाणी प्यायलात तर सुमारे ३० ग्रॅम साखर, म्हणजे १२० कॅलरी वाचतात, अन् हा हिशोब कुठल्याही वयात जुळतो. बाकी तहान नावाचा अलार्म शरीरात आधीच बसवलेला आहे. निरोगी माणसाने त्याचं ऐकावं, उन्हात आणि व्यायामात जरा जास्त प्यावं, आणि ग्लास मोजण्यात वेळ घालवू नये.