दख्खनचे पहिले रहिवासी

आदिमानवाच्या प्रवासाचा नकाशा आता शाळकरी मुलांच्याही ओळखीचा आहे. पूर्व आफ्रिकेतून एक बाण निघतो, अरबस्तान ओलांडतो, भारताच्या अंगावरून सरकतो आणि जावा, चीन किंवा ऑस्ट्रेलियावर जाऊन टेकतो. भारताच्या वाट्याला येते ती बाणाची दांडी. प्रवास झाला हे खरेच आहे, पण दांडीखाली झाकल्या गेलेल्या मुलखावर, विशेषतः दख्खनच्या पठारावर, हा नकाशा अन्याय करतो. कृष्णा, भीमा, गोदावरी, प्रवरा यांच्या खोऱ्यांत मिळालेला पुरावा एकत्र मांडला की वेगळीच गोष्ट दिसते. इथे आलेला माणूस राहिला. कुठला दगड कशाला चालतो आणि उन्हाळ्यात पाणी कुठे टिकते हे त्याला पक्के माहीत होते, आणि हे ज्ञान त्याने पिढ्यान् पिढ्या वापरले. दख्खन हा मानवाच्या आरंभीच्या इतिहासातला मुक्कामाचा प्रदेश होता, असे माझे म्हणणे आहे.

या पुराव्याची सुरुवात १८६३ साली झाली. भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या रॉबर्ट ब्रूस फूट यांना त्या वर्षीच्या मे महिन्यात मद्रासजवळच्या पल्लावरम येथे घडवलेला एक दगड सापडला. आपल्या देशातल्या पुराश्मयुगाच्या अभ्यासाचा तो आरंभ. तरीही पुढची अनेक दशके महाराष्ट्राबद्दल एक समज घट्ट होता. मद्रासकडे हत्यारांना क्वार्टझाइट मिळते. इकडच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात घडवण्याजोगा दगडच नाही, म्हणून माणूसही नसावा, असे मानले जाई. हा समज मोडला तो डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठी आणि नंतर १९५४च्या सुमारास प्रवरेच्या काठी नेवाशाला त्यांना गाळाच्या थरांतून हत्यारे मिळाली. ज्ञानेश्वरीचे नेवासे ते हेच. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात गुडरून कॉर्विनस या जर्मन संशोधक बाईंनी नेवाशालगतच्या चिरकीला उत्खनन केले, आणि हातकुऱ्हाडी व रुंद सरळ धारेची मोठी हत्यारे एकाच पृष्ठावर पसरलेली आढळली. ही बरीचशी हत्यारे डोलेराइटची आहेत. लाव्हाच्या थरांना चिरून वर आलेल्या भिंतीसारख्या शिरांमधला हा दगड साध्या काळ्या पाषाणापेक्षा चिवट असतो आणि त्याचे मोठे छिलके निघतात. सगळीकडे सारखाच काळा दिसणारा दगड पसरलेला असताना त्यातून नेमका हा निवडणे वाटसरूला जमण्यासारखे नाही. त्याला प्रदेश पायाखाली घालावा लागतो.

या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या हुणसगी आणि बैचबाळच्या खोऱ्यात. सुमारे ५०० चौरस किलोमीटरच्या या खोलगट मुलखात क. पद्दय्या यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला आणि अश्युलियन परंपरेची, म्हणजे हातकुऱ्हाडी घडवणाऱ्या लोकांची, दोनशेच्या आसपास ठिकाणे नोंदवली. त्यांतले इसामपूर हे मला आपल्या उपखंडातल्या सर्वांत बोलक्या स्थळांपैकी एक वाटते. १९९७ ते २००१ या काळात तिथे उत्खनन झाले आणि हत्यारे घडवण्याचा चक्क एक कारखाना उघडा पडला. जमिनीतून वर डोकावणारा चुनखडीचा थर नैसर्गिक भेगांमुळे हाताळता येतील अशा लाद्यांत फुटलेला होता. माणसांनी या लाद्या सोडवल्या. पातळ लादी असली तर कडा झोडपून सरळ तिचीच हातकुऱ्हाड केली, जाड असली तर तिच्यातून मोठा छिलका काढून मग तो घडवला. झोडपायचे गोटे चुनखडीचे नव्हते; बसाल्ट, क्वार्टझाइट, चर्ट असे अधिक कठीण दगड त्यांनी मुद्दाम आणले होते. अर्धवट सोडलेले तुकडे, बिघडलेली हत्यारे, कचऱ्याचे ढीग असे कामाचे सगळे टप्पे तिथे पडलेल्या जागीच मिळाले. त्याच ठिकाणच्या प्राण्यांच्या दातांच्या एनॅमलवरून काढलेले वय सुमारे १२ लाख वर्षे येते. खोऱ्यातल्या स्थळांच्या मांडणीवरून पद्दय्यांनी ऋतूंचाही अंदाज बांधला. उन्हाळ्यात माणसे बारमाही झऱ्यांपाशी एकवटत, आणि पावसाळ्यात सगळीकडे पाणी व कंदमुळे मिळू लागली की लहान लहान टोळ्यांनी पांगत. हा अंदाजच आहे, पण दख्खनच्या पावसाच्या स्वभावाशी तो इतका जुळतो की मला तो सहज टाकून देता येत नाही.

यावर पहिला आक्षेप नद्यांबद्दलचा आहे. पूर दगड वाहून आणतो, गोलगोटे करतो, वेगवेगळ्या काळांतल्या वस्तू एकाच थरात मिसळतो. मग गाळात मिळालेल्या हातकुऱ्हाडीवरून तिथे वस्ती होती असे कसे म्हणायचे? महाराष्ट्रातल्या पुष्कळ स्थळांना हा आक्षेप खरोखर लागू पडतो आणि तो मान्यच केला पाहिजे. पण सगळी स्थळे खडीतली नाहीत. इसामपूरचे उदाहरण वर आलेच. तमिळनाडूत कोर्तलैयार नदीच्या खोऱ्यात अतिरंपाक्कम येथे शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९पासून काम केले. तिथली अश्युलियन हत्यारे मोठ्या प्रमाणात बारीक चिकणमातीच्या जाड थरात आहेत, आणि अशी माती संथ पाण्यातच बसते. जड दगड तिच्यात आपोआप येत नाहीत. त्यातले कित्येक मोठे छिलके दुसरीकडे काढून इथे आणलेले दिसतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार या वस्तीची सुरुवात सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची आहे.

काळाचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि तो किती अवघड हे पाहायला जुन्नर तालुक्यातली बोरी पुरेशी आहे. कुकडीच्या काठी तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संगतीत अश्युलियन हत्यारे आहेत. कऱ्हेकाठच्या मोरगावलाही राखेचा असाच थर आहे. ही राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची, यावर बहुतेकांचे एकमत आहे. पण तोबाचा उद्रेक एकदाच झालेला नाही. त्यामुळे बोरीच्या राखेला कोणी १४ लाख वर्षे दिली, कोणी साडेसहा लाखांच्या पुढे, आणि राखेच्या रासायनिक घडणीवरून कोणी ती ७५ हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या महाउद्रेकाची ठरवली. एकाच थराच्या वयात असा फरक पडत असेल तर बोरीवर कुठलाही डोलारा उभा करू नये. बोरी बाजूला ठेवली तरी इसामपूर आणि अतिरंपाक्कम उरतातच, आणि मुक्कामाचा मुद्दा त्यांच्यावर उभा राहतो.

दुसरा आक्षेप हाडांचा. जावात कवटी मिळते, चीनमध्ये मिळते, जॉर्जियातल्या द्मानिसीला १८ लाख वर्षांपूर्वीच्या कवट्या मिळतात. मग दख्खनचा हा रहिवासी कुठे आहे? उत्तर म्हणून बोट दाखवता येते ते नर्मदेकाठच्या हथनोराकडे. अरुण सोनकिया यांना १९८२च्या डिसेंबरात तिथे एका कवटीचा भाग मिळाला. तिला आधी होमो इरेक्टस म्हटले गेले, पुढे अनेकांनी ती आपल्या जातीच्या अधिक जवळची, पण जुन्या घडणीची ठरवली. एका कवटीवरून माणसांची जात ठरवणे धोक्याचे आहे. पण हाडांच्या अभावावरून माणसांचा अभाव सिद्ध होत नाही. नर्मदेच्या गाळात पाणघोड्याचे आणि स्टेगोडॉनचे अवशेष आहेत, गोदावरीच्या गाळात नांदूर मधमेश्वरला प्राचीन हत्तीचे आहेत, म्हणजे मोठ्या प्राण्यांची हाडे टिकली. माणसे विरळ होती आणि मेलेल्याला पुरण्याची रीत नव्हती. उघड्यावरच्या हलक्या हाडांची गत काय होते ते कोणत्याही माळरानावर कळते. उलट एक माणूस आयुष्यभरात शेकडो हत्यारे घडवतो, आणि दगड कुजत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: हे लोक आपले पूर्वज होते का? आजच्या आनुवंशिक पुराव्यानुसार आफ्रिकेबाहेरच्या माणसांचा जवळजवळ सगळा वारसा गेल्या ५० ते ७० हजार वर्षांत बाहेर पडलेल्या होमो सेपियन्सकडून येतो. त्या हिशेबाने इसामपूरचे कारागीर आपले थेट आजे-पणजे नसणार. त्यांचा वंश कधी आणि कसा संपला, की नव्यांत थोडा मिसळला, हे दगडांवरून वाचता येत नाही. म्हणून अखंड वंशाचा अभिमान इथे आणू नये. मुक्कामाच्या पुराव्याला त्याची गरजही नाही. एखाद्या मुलखात कोण राहिले हा प्रश्न आपण त्यांचे वारस आहोत का या प्रश्नापासून वेगळा ठेवला तरच आदिमानवाकडे न्यायाने पाहता येते.

या लोकांच्या राहणीत बदलही होत गेला. अतिरंपाक्कमला सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी मोठ्या हातकुऱ्हाडी मागे पडून आधी नीट तयार केलेल्या गाभ्यावरून ठरावीक आकाराचे छिलके काढण्याची पद्धत रुळलेली दिसते. तो काळ आपली जात आफ्रिकेबाहेर पसरण्याच्या फार आधीचा आहे. दख्खनमध्ये या टप्प्यावर दगडही बदलला. नेवाशाच्या वरच्या थरांत डोलेराइटऐवजी जॅस्पर, चर्ट आणि गारगोटीची जात पुढे येते. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले हे लहान पण काचेसारखे तुटणारे दगड पहिल्यापासून इथेच होते. लहान हत्यारे करायची कल्पना आल्यावर त्यांची किंमत वाढली. सांकलियांनी या टप्प्याला नेवाशाचेच नाव दिले.

नवी माणसे आली तेव्हाही ती समुद्रकिनाऱ्यानेच पुढे सरकली असे मानण्याची पद्धत आहे. हिमयुगात समुद्र शंभरहून अधिक मीटर खाली गेला होता, त्यामुळे तेव्हाचा कोकण किनारा आज पाण्याखाली आहे. किनारी वाट होती की नव्हती हे म्हणूनच दोन्ही बाजूंनी सिद्ध होत नाही. पण पूर्वीच्या कर्नूल जिल्ह्यातल्या ज्वालापुरमला तोबाच्या राखेच्या खाली आणि वरही दगडी हत्यारे मिळाली आहेत, आणि ते ठिकाण किनाऱ्यापासून बरेच आत आहे. जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याला तर सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या अंड्याचे कवच मिळाले, त्यावर आडव्या-उभ्या रेघांची नक्षी कोरलेली होती. त्या काळी खानदेशात शहामृग वावरावेत इतके उघडे गवताळ माळ होते, आणि अंड्याच्या कवचावर रेघा ओढण्याइतकी सवड असलेली माणसे सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी, पाण्याच्या आणि चांगल्या दगडाच्या जवळ वस्ती करून होती.