फोन कर्मचाऱ्याचा, माहिती कंपनीची

कार्यालयीन कामासाठी कोणते यंत्र वापरायचे, हे ठरविण्याचा अधिकार एके काळी निर्विवादपणे मालकाचा होता. संगणक कंपनीचा असे आणि भ्रमणध्वनी दिलाच तर तोही कंपनीचाच. आज कर्मचारी स्वतःच्या पसंतीचा फोन खिशात घेऊन येतो आणि त्यावरच कार्यालयाची ई-मेल पाहतो. या पद्धतीला 'ब्रिंग युअर ओन डिव्हाइस', म्हणजेच 'बीवायओडी' असे नाव आहे. पद्धत सोयीची खरी. परंतु असा फोन हरवला किंवा कर्मचारी नोकरी सोडून गेला, तर त्यातील नेमके काय पुसायचे आणि ते पुसण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

ब्लॅकबेरीचा काळ

कॅनडातील वॉटर्लू येथील 'रिसर्च इन मोशन' या कंपनीचा ब्लॅकबेरी हा कार्यालयीन फोनचा आदर्श मानला जाई. कंपनीच्या सर्व्हरवरून त्याचे नियम ठरत आणि फोन हरवल्यास तो दुरूनच संपूर्ण पुसता येई. फोन कंपनीचाच असल्याने त्याबद्दल कोणाची तक्रार नसे. जून २००७ मध्ये अमेरिकेत आयफोन आला, २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला आणि कर्मचारी हे फोन आपणहून कार्यालयात आणू लागले. जुलै २००८ मध्ये आयफोनला मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या मेलची जोड मिळाली आणि दुरून पुसण्याची सोयही त्यासोबत आली. मात्र आता पुसला जाणारा फोन कर्मचाऱ्याचा होता. कंपनीच्या पत्रांबरोबर मुलांची छायाचित्रे आणि घरचे दूरध्वनी क्रमांकही नाहीसे होऊ शकत होते. जुन्या ब्लॅकबेरी फोनची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली, परंतु फोनवरील अधिकाराचा प्रश्न मागे राहिला.

बंदीकडून विभागणीकडे

आरंभी अनेक संस्थांनी बंदीचा मार्ग पत्करला. ज्यांनी परवानगी दिली, त्यांनाही मर्यादा घालाव्या लागल्या. आयबीएमने कर्मचाऱ्यांना स्वतःचे फोन वापरू दिले. तथापि २०१२ मध्ये त्यांवर ड्रॉपबॉक्ससारखी सेवा वापरण्यास मनाई केली आणि आयफोनवरील 'सिरी' बंद ठेवली. उच्चारलेले प्रश्न बाहेरच्या सर्व्हरवर साठविले जातील, ही भीती त्यामागे होती.

पुढे तंत्रज्ञानाने अधिक समंजस तोडगा दिला. संपूर्ण फोनवर ताबा ठेवण्याऐवजी त्यात कामाचा स्वतंत्र कप्पा करायचा, हे त्याचे सूत्र. अँड्रॉइडमध्ये 'वर्क प्रोफाइल'ची ही सोय २०१५ पासून रुळली. त्यातील अ‍ॅपवर छोट्या ब्रीफकेसचे चिन्ह दिसते. कर्मचारी नोकरी सोडून गेला की कंपनी तेवढाच कप्पा काढून घेते. अ‍ॅपलने २०१९ मध्ये 'आयओएस १३'द्वारे अशीच नोंदणी आणली. या नोंदणीत कंपनीला कर्मचाऱ्याची खासगी अ‍ॅप दिसत नाहीत आणि संपूर्ण फोनही पुसता येत नाही.

या भिंतीलाही मर्यादा आहेत. कामाचा कप्पा वापरण्यास किचकट असेल, तर ग्राहकाच्या कागदपत्रांचे छायाचित्र सरळ व्हॉट्सअ‍ॅपवरून धाडले जाते आणि मग नियंत्रण केवळ कागदावर उरते.

खर्च आणि उत्तरदायित्व

फोन कर्मचाऱ्याचा, तर कामाच्या कॉलचे पैसे कोणी द्यायचे? कॅलिफोर्नियातील अपील न्यायालयाने २०१४ मध्ये एका खटल्यात निर्वाळा दिला, की कामासाठी स्वतःचा फोन वापरणे आवश्यक असेल, तर बिलाचा वाजवी हिस्सा मालकाने भरला पाहिजे. कर्मचाऱ्याचा मासिक प्लॅन अमर्याद असला तरीही. भारतात उत्तरदायित्वाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीच्या सुरक्षेची जबाबदारी संस्थेवर टाकली असून, त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती कर्मचाऱ्याच्या खासगी फोनमधून फुटली, एवढ्याने संस्थेची सुटका होत नाही.

ग्राहकाची निवड

कर्मचाऱ्याला निदान नियम लावता येतात. ग्राहकाला तेही लावता येत नाहीत. मिंत्रा या वस्त्रविक्री कंपनीने मे २०१५ मध्ये आपले संकेतस्थळ बंद करून केवळ अ‍ॅपवर विक्री ठेवली. संगणकावरून खरेदी करणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये तिला ते पुन्हा सुरू करावे लागले. उलट, ज्याच्या हाती साधा बटणांचा फोन आहे, त्याच्यासाठी '*९९#' ही बँकसेवा ऑगस्ट २०१४ मध्ये देशभर खुली झाली. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'यूपीआय १२३पे' आणून इंटरनेटविना, मिस्ड कॉल वा आवाजी सूचनांच्या आधारे पैसे पाठविण्याची सोय केली. ग्राहकाने फोन बदलावा अशी अपेक्षा न धरता सेवाच त्याच्या फोनपर्यंत नेण्याचे हे उदाहरण होय.

कर्मचाऱ्याच्या बाबतीत एक पथ्य अवश्य पाळावे. कंपनीला फोनमध्ये काय दिसेल, ती काय पुसू शकेल आणि बिलाचा किती भाग देईल, हे फोन जोडण्यापूर्वीच लेखी स्पष्ट असावे. आपल्या फोनवर कार्यालयाची मेल घेणाऱ्या प्रत्येकाने अनुमतीचे बटण दाबण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारावेत आणि घरची छायाचित्रे अन्यत्रही जतन करून ठेवावीत.