छत्रातली मुले

तंजावरात मोडी कागद वाचण्यासाठी राहायचे, तर खोली हवी होती. एका घरमालकांनी दहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागितले. दुसऱ्यांनी गाव, जात, जेवण विचारून नकार दिला. परक्या विद्यार्थ्याची सोय या मुलुखात पूर्वी कोण करत असे, हा प्रश्न तेव्हा पडला.

उत्तर छत्रांत सापडले. भोसले राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली. त्यांची हकिगत दुसऱ्या सरफोजींनी १८०१ साली रेसिडेंट टोरिन यांना लिहिलेल्या पत्रात आहे. परक्यांची पोरकी मुले छत्रातल्या पंतोजींच्या हवाली होत. त्यांना तीन वेळ जेवण, चार दिवसांनी तेल, कपडे, औषध मिळे. आवडीची विद्या शिकवून पुढे लग्नाचा खर्चही छत्रच करी. सरफोजी स्वतः राजवाड्यातल्या भाऊबंदकीमुळे मद्रासला राहून शिकले होते.

पण पत्र जपून वाचावे. १७९९च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला होता. छत्रे चालू राहावीत म्हणून केलेली ती विनवणी आहे. उणे त्यात कशाला येईल? तरी जात डोकावतेच. अन्न सर्वांना होते, पण शिजवलेला भात न चालणाऱ्यांना कोरडा शिधा वेगळा मिळे.

मला अखेर खोली दिली ती पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या एका मराठी घरातल्या आजींनी. आगाऊ भाडे एकाच महिन्याचे. काय शिकायला आलास, एवढेच त्यांनी विचारले. मी मराठी नसतो तर खोली दिली असती का, हे विचारायचे धाडस मला झाले नाही.