जगाच्या इतिहासात आपली एक ओळ

मंडळी, आपल्यातल्या बऱ्याच जणांचे आतेभाऊ-मामेभाऊ, जुने रूममेट अमेरिकेत आहेत आणि आता त्यांची पोरं हायस्कुलात पोचलीत. मग फोनवर कधीतरी प्रश्न येतो, "अरे, कन्येला वर्ल्ड हिस्ट्री घ्यायचीय, त्यात नक्की असतं काय?" उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे तिकडे सगळ्या देशाला मिळून एक बोर्ड नाही. प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. कॅलिफोर्नियात दहावीचा जगाचा इतिहास साधारण १७५० पासून पुढे चालतो, न्यूयॉर्कमध्ये तोच विषय नववी-दहावी मिळून दोन वर्षं. देशभर सारखा असलेला कोर्स म्हणजे कॉलेज बोर्डाचा 'एपी वर्ल्ड हिस्ट्री'. बरीच मुलं तो दहावीत घेतात. पातळी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची, मे महिन्यात परीक्षा आणि गुण १ ते ५. आपण याच्याबद्दलच बोलू.

परीक्षा सव्वातीन तासांची असते. ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, मग तीन छोटी उत्तरं, मग दोन निबंध. खरी गंमत पहिल्या निबंधात आहे. मुलांच्या हातात सात कागद देतात: कुणाचं पत्र, कुणा अधिकाऱ्याचा अहवाल, एखादं चित्र, एखादा तक्ता. एका तासात ते वाचून स्वतःचं म्हणणं मांडायचं आणि ते कागदांच्या आधारे पटवून द्यायचं. वर किमान दोन कागदांबद्दल हेही सांगायचं की लिहिणारा कोण होता, कुणासाठी लिहीत होता आणि त्याने आपल्या वाचनात काय फरक पडतो. या एकट्या निबंधाला २५ टक्के वजन आहे. आपल्या 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा'मधून आलेल्या माणसाला हे वेगळं प्रकरण वाटेल. नुसती सनावळी पाठ करून इथे भागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. सगळ्या जगाचा इतिहास एका वर्षात मावत नाही, त्यामुळे कुठून सुरू करायचं हा प्रश्न येतोच. लूप कुठून चालू होतो त्यावर आउटपुट ठरतं, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको. २००२ साली या कोर्सची पहिली परीक्षा झाली तेव्हापासून त्यात प्राचीन काळही असायचा. २०१८ च्या मे महिन्यात कॉलेज बोर्डाने जाहीर केलं की परीक्षेसाठीचा इतिहास यापुढे १४५० पासून सुरू होईल. शिक्षक आणि विद्यार्थी चांगलेच भडकले. त्यांचं म्हणणं साधं होतं. १४५० पासून सुरुवात केली, तर आफ्रिका आणि अमेरिका गोष्टीत येणार त्या युरोपची जहाजं किनाऱ्याला लागल्यावरच. जणू त्याआधी तिथे काही घडतच नव्हतं! जुलैमध्ये बोर्डाने माघार घेतली आणि सुरुवात १२०० वर नेली. २०१९ पासून हाच कोर्स चालतो. त्यामुळे १३२४ साली हजला निघालेला मालीचा मन्सा मुसा आत आला, पण सम्राट अशोक आणि रोम बाहेरच राहिले. कुठेही रेघ मारा, कुणीतरी बाहेर राहतंच.

आणि आपण? मराठे त्यात आहेत, पण एका ओळीत. १४५० ते १७५० या काळात राज्यसत्तेला झालेल्या विरोधाची उदाहरणं म्हणून एक यादी दिलेली आहे. त्यात फ्रान्समधला फ्रोंद, रशियातले कोसॅक, आफ्रिकेतली राणी न्झिंगा, न्यू मेक्सिकोतले पुएब्लो यांच्याबरोबर मराठ्यांचा मुघलांशी संघर्ष येतो. उदाहरण कुठलं घ्यायचं ते शिक्षकाने ठरवायचं, म्हणजे वर्गात आपलं नावही निघणार नाही असं होऊ शकतं. चौथीत अख्खं पुस्तक महाराजांवर शिकलेल्या आपल्याला हे झोंबणारच.

पण त्या यादीतले शेजारी बघा. ३ एप्रिल १६८० ला रायगडावर महाराज गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुएब्लो लोकांनी स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला. त्यांचा नेता पोपे याने गावोगावी गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या. रोज एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की उठाव! वेठबिगारी आणि त्यांच्या पूजेवर आलेली बंदी ही त्यामागची मोठी कारणं. स्पॅनिशांना सांता फे सोडून पळावं लागलं, पण १२ वर्षांनी ते परत आले. इकडे औरंगजेब दख्खनेत उतरला आणि १७०७ मध्ये इथेच मेला, तरी मराठ्यांचं राज्य काही संपलं नाही.

का? हा प्रश्न आपल्या शाळेत कधी विचारलाच गेला नाही, कारण शेजारी ठेवायला दुसरं उदाहरणच नव्हतं. दोन्हीकडे शौर्य होतं. पण पुएब्लोंची गावं स्वतंत्र होती आणि विजयानंतर त्यांची एकजूट टिकली नाही. मराठ्यांकडे १६७४ च्या राज्याभिषेकाने उभं केलेलं राज्य होतं, किल्ले होते, महसुलाची घडी होती, आणि राजा जिंजीत अडकला तरी लढणारे सरदार होते. महाराजांचं खरं काम किती मोठं होतं ते मला तरी या तुलनेने जास्त कळतं.

तेव्हा मुलीला कोर्स जरूर घेऊ द्या. एके दिवशी ती घरी येऊन विचारेल, "आपला इतिहास एवढासाच?" तेव्हा चिडू नका आणि लगेच भाषणही देऊ नका. तिच्याबरोबर बसून ती यादी काढा आणि दोन नावं शेजारी ठेवा. उरलेला अभ्यास ती स्वतः करेल. असो, पुढच्या शनिवारी भेटू.