मेंढपाळाचे चित्र

माणूस देवाविषयी बोलू लागला की त्याच्या तोंडी आपल्या रोजच्या कामाची भाषा येते. आपल्या तेरचे गोरोबाकाका कुंभार. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके पक्के नि कोणते कच्चे हे त्यांनी पाहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. सावतोबांना विठ्ठल भेटला तो मळ्यात. पॅलेस्टाइनच्या कोरड्या, खडकाळ मुलखात मेंढरे राखणाऱ्या यहुदी लोकांना देव मेंढपाळाच्या रूपात दिसावा, यात मग नवल ते काय? त्यांचे हे चित्र पुढे ख्रिस्ती धर्मात आले आणि त्या वाटेने मराठीतही आले. मराठी मातीत त्याची कसोटी कशी लागली, ते आज पाहू.

बायबलच्या जुन्या करारातले २३ वे स्तोत्र दावीद राजाच्या नावावर आहे. हा दावीद लहानपणी बापाची मेंढरे राखीत असे. देव आपल्याला हिरव्या कुरणात नेतो, पाण्यावर नेतो आणि काळोख्या दरीतून जाताना काठी घेऊन सोबत असतो, असा त्या स्तोत्राचा भाव. पुढे नव्या करारात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, येशू स्वतःलाच चांगला मेंढपाळ म्हणवतो. मजुरीचा राखणदार लांडगा दिसताच पळ काढतो. खरा मेंढपाळ मेंढरांसाठी जीव देतो, असे त्याचे सांगणे. लूकच्या शुभवर्तमानात तर शंभर मेंढरांतले एक चुकले म्हणून उरलेली नव्याण्णव मागे ठेवून त्या एकाला शोधायला निघणारा धनी आहे.

आता हे धाराशिवच्या माणसाला फोडून सांगायला नको. आपला जिल्हा कमी पावसाचा. बालाघाटाच्या माळावर मेंढरे राखणारे धनगर आपण पाहतो. चारा संपला की वाडा हलतो. शेतकरी मेंढ्या आपल्या रानात बसवून घेतो, कारण लेंडीखताची सर दुसऱ्या खताला नाही. रात्री थंडीवाऱ्यात घोंगडी पांघरून राखण करायची, कुत्रे भुंकले की लांडग्याच्या शंकेने उठायचे, नुकते जन्मलेले कोकरू चालेना तर उचलून घ्यायचे, असा हा धंदा. त्यात सुट्टीचा दिवस नाही. देवाची काळजी म्हणजे काय, हे सांगायला त्या प्राचीन माणसांनी हाच धंदा निवडला तो उगीच नव्हे.

मराठीत ख्रिस्तकथा प्रथम मोठ्या प्रमाणावर सांगितली ती एका इंग्रज पाद्र्याने. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ त्याने रचले. ते १६१६ साली छापले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधल्या श्रीरामपूरहून विल्यम केरीने मराठी नवा करार काढला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी अभंग आणि भजने लिहिली आणि त्यांत ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली. वारकऱ्यांची विठाई माउली ज्याच्या कानात घुमत होती, त्याला परक्या देशातल्या मेंढपाळातही माउलीच दिसली.

पण खरी कसोटी लागली ती दुष्काळात. राखणदार आहे, मग माणसे अन्नाविना का मरतात? हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी पुस्तकात वाचलेला नव्हता. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. १८७४ च्या सुमारास, दक्षिणेतल्या दुष्काळात, आई, वडील आणि थोरली बहीण अशी तिन्ही माणसे काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली दोघे भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, उपाशीतापाशी देशभर पायी हिंडली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. त्यावरून, आणि त्यांच्या शारदा सदनातल्या मुलींवरून, पुण्यात पुढे मोठे वादळ उठले. तेही इतिहासात नोंदले पाहिजे.

१८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ, उपाशी अशा सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्यातून आणखी आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती सदनात ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, छापखाना घातला. जी भूक स्वतः सोसली, त्याच भुकेतल्या लेकरांना शोधायला ही बाई निघाली. चुकलेल्या मेंढराची गोष्ट तिने अशी वाचली.

एवढे करून त्यांनी आणखी एक काम हाती घेतले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल मराठीत आणले, तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत. संस्कृताच्या पंडितेने सोपे लिहायचे ठरवावे, ही लहान गोष्ट नव्हे. त्यांच्याच छापखान्यात आश्रमातल्या स्त्रियांनी ते छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

तर सांगायचा मुद्दा असा. मेंढपाळाच्या चित्रात संकट येणारच नाही असे वचन नाही. दरी आहे, अंधार आहे, लांडगाही आहे. वचन आहे ते सोबतीचे, आणि कोणी हरवले तर त्याची आठवण ठेवणाऱ्याचे. ख्रिस्ती माणूस ते वचन देवाच्या ठायी पाहतो. पण १८९७ साली ते केडगावात उतरले तेव्हा त्याला माणसाचेच पाय लागले, माणसाचेच हात लागले. शिक्षक बंधुभगिनींनो, १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसला आहे. त्या दिवसांत कोणी कोणाला धरून ठेवले, हे मुलांना घरी विचारून यायला सांगा. आणि उद्या हजेरी घेताना एखादे नाव चार दिवस मुके राहिले, तर त्या पोराच्या घरापर्यंत एकदा चालत जा.